बिनपिठाचं वॉफल आणि साच्याला चिकटण्याचा वैताग

अंडं आणि चीज. बिनपिठाच्या वॉफलला लागतं ते एवढंच. साहित्य पाच मिनिटांत जमतं, फेटायला एक मिनिट पुरतं. माझा सगळा वेळ गेला तो विजेच्या वॉफल-साच्याच्या खाचांत अडकलेले तुकडे लाकडी काडीने टोकरण्यात, म्हणून लिहिणार तेही मुख्यतः त्याबद्दलच.

आधी प्रमाण. कवच काढून ५० ग्रॅम अंडं आणि तेवढंच, ५० ग्रॅम, किसलेलं मोझरेला. मीठ चीज चाखून मगच. १० सेंटिमीटरच्या छोट्या साच्यात याची दोन वॉफलं होतात आणि दोन्ही मिळून कार्ब (कर्बोदकं) साधारण दोन ग्रॅमच्या आत राहतं. आपल्याकडची गावठी अंडी लहान, बरीचशी ४० ग्रॅमच्या आसपास. ‘एक अंडं’ असं माप धरलंत तर चीज जास्त होऊन वॉफल चिवट होतं. उलट अंडं जास्त झालं तर खाचांचं ऑम्लेट होतं. वजनकाटा वापरा.

आता चिकटण्याचं. साच्यासोबत आलेल्या पुस्तिकेत तीन सूचना होत्या: प्लेटना लोणी लावा, हिरवा दिवा लागला की मिश्रण ओता, तीन मिनिटांनी काढा. पिठाच्या वॉफलला चालत असतील. बिनपिठाच्या वॉफलला तिन्ही नडतात, आणि हे पुस्तिकेत कुठेही नाही याचा मला अजून राग येतो.

लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं आणि वर दुधाचे घन कण. ते कण खाचांत करपतात आणि पुढचं वॉफल त्या करपलेल्या थरालाच धरून बसतं. त्यामुळे साजूक तूप घ्या, तेही ब्रशने प्रत्येक खाचेत पातळ. डब्यातला स्प्रे तर नकोच. बऱ्याच स्प्रेमध्ये लेसिथिन नावाचा घटक असतो, त्याचा गरम नॉनस्टिकवर चिकट पिवळसर थर बसतो आणि तो साध्या धुण्याने जात नाही.

हिरवा दिवा म्हणजे थर्मोस्टॅटने एकदा वीज तोडली, इतकंच. प्लेटच्या कडा तेव्हा तापण्यात मागेच असतात. दिवा दोनदा लागून विझू द्या, सहा ते आठ मिनिटं धरा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होऊन लगेच उडाला पाहिजे.

सगळ्यात उशिरा लक्षात आलं ते व्होल्टेज. तीच अंडी, तेच चीज, तोच साचा. सकाळचं वॉफल अलगद सुटायचं आणि संध्याकाळचं दोन फाळ्या होऊन अर्धं वर, अर्धं खाली राहायचं. पावसाळ्यात किनाऱ्याकडच्या गावांत दिवेलागणीला विजेचा दाब कसा पडतो हे ट्यूबलाइट पाहिली तरी कळतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर १००० वॉटचा साचा जेमतेम ६१० वॉट देतो. मिश्रण भाजायच्या ऐवजी नुसतं वाफवलं जातं. दाब कमी असेल तेव्हा तापवायला १२ मिनिटं द्या आणि एका वेळी निम्मंच मिश्रण घाला. वीज रोजच जात असेल तर गॅसवरचा, उलटता येणारा दोन प्लेटींचा साचा बरा: मध्यम आच, प्रत्येक बाजूला अडीच ते तीन मिनिटं.

आणि झाकण. अंड्यातलं पाणी निघून जाईपर्यंत त्यातली प्रथिनं प्लेटला धरून राहतात. पृष्ठभाग सुकला, चीजचं तूप सुटून त्यात तो तळला गेला, की वॉफल आपोआप सोडतं. घावनाच्या कडा सुटल्याशिवाय आपण उलथणं घालत नाही, तसंच हे. घड्याळ बघू नका, वाफ बघा. पहिली दोन मिनिटं बाजूने जोरात वाफ येते, चार-पाच मिनिटांनी ती जवळजवळ थांबते. तेव्हाच झाकण हलक्या हाताने उचलून पाहा. अडलं तर ओढायचं नाही. पुन्हा बंद, आणखी एक मिनिट.

चीजबद्दल वरच सांगायला हवं होतं. प्रोसेस्ड चीजचे क्यूब किंवा स्लाइस यात चालत नाहीत. त्यातले इमल्सिफायर क्षार स्निग्धांश सुटू देत नाहीत, त्यामुळे ते वितळून गोंदासारखं राहतं. रत्नागिरी, चिपळूणला पिझ्झासाठी म्हणून कमी पाण्याचं मोझरेला मिळतं, ते घ्या आणि घरी किसा. तयार किसाच्या पाकिटात बऱ्याचदा स्टार्च मिसळलेलं असतं. पनीरही नको, ते वितळत नाही आणि पाणी सोडतं.

अंडं फ्रिजमधून वीस मिनिटं आधी काढा. थंड मिश्रणाने तापलेली प्लेट एकदम उतरते. चीज मात्र थंडच किसा.

माझ्या हाताला बसलेली खात्रीची युक्ती: गरम प्लेटवर आधी चमचाभर किस पसरा, २० सेकंद थांबा, मग मिश्रण, वरून पुन्हा चमचाभर किस. दोन्ही बाजूंना कुरकुरीत पापुद्रा येतो आणि तोच वॉफल सोडवतो.

चीज कमी हवं असेल तर १५० ग्रॅम शिजवलेलं, पिळून कोरडं केलेलं चिकन बारीक करून त्यात एक अंडं आणि ३० ग्रॅम चीज घाला. कोलंबी घालू नका, पाणी सोडते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर असा कमी कार्बचा आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांशी डोस बोलून घ्या, कार्ब कमी झालं की साखर खाली जाऊ शकते.

अडकलंच तर स्टीलची घासणी लावू नका. प्लग काढा, साचा कोमट असताना ओल्या फडक्याची घडी आत ठेवून झाकण लावा, पाच मिनिटांनी पुसा.

काढलेलं वॉफल ताटात ठेवलं की खालून घाम सुटून मऊ पडतं, आणि आपल्या दमट हवेत तर दहा मिनिटांतच. तारेच्या जाळीवर ठेवा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. परत गरम करताना बिडाच्या तव्यावर, मंद आचेवर, तूप न घालता. त्याचं स्वतःचं पुरेसं सुटतं.