भंगारावर शाकारणी

बँकांनी ताब्यात घेतलेल्या घरांची किंमत काढणं हा माझा धंदा. फ्लॅट असला की अर्ध्या तासात आटपतं: कार्पेट मोजा, आसपासच्या विक्रीचे दर बघा, रेडी रेकनरशी, म्हणजे सरकारी दरांच्या तक्त्याशी, ताडा, फोटो काढा. गिरगावातल्या वाडीतलं घर आलं की मात्र मी अख्खी सकाळ मोकळी ठेवतो. कुठली वाडी ते सांगत नाही. खोताची वाडी नव्हे. तिथे निदान फोटो काढणारे तरी फिरत असतात.

दुमजली घर, मुलाच्या धंद्यापायी गहाण पडलेलं. हप्ते थकले, सरफेसीची (थकलेल्या कर्जापोटी गहाण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस, मग कोर्टाच्या आदेशाने ताबा. मे महिन्यात बँकेच्या अधिकाऱ्याने माझ्यासाठी सील काढलं.

आत गेल्यावर मी आधी खांब वाजवून बघतो. धड सागवानावर किल्ली मारली की टणक आवाज येतो. वाळवी लागलेलं बद्द वाजतं. इथे एकही खांब बद्द नव्हता. अस्सल ब्रह्मदेशी साग. जिन्याच्या कठड्याचा एक गज हलेल तर शपथ. वर मंगलोरी कौलं, त्यातली दहाबारा सरकलेली. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. ‘पावसाआधी शाकारून घ्या’ असं अधिकाऱ्याला बजावून मी निघालो.

आणि घरी येऊन रिपोर्टात लिहिलं: बांधकामाचं आयुष्य संपलेलं, किंमत भंगाराची. शंभरी ओलांडलेल्या लाकडी घरासमोर आमच्या तक्त्यात दुसरं काही बसतच नाही. किंमत काय ती जमिनीची. त्यातही घर हेरिटेज यादीत, पाडायचं तर परवानगीचं लचांड, म्हणून जमिनीचा भावही थोडा खाली ओढला. घर अजून उभं आहे, हाच आमच्या हिशेबात दोष.

लिलावाला कुणी फिरकलं नाही. ऑक्टोबरात फेरमूल्यांकनासाठी पुन्हा गेलो, तर दार उघडताच कुबट वास आला. कौलं तशीच सरकलेली. पाणी उतरलं होतं नेमकं तुळईच्या टोकावर, भिंतीत बसवलेल्या भागात, जिथे वारा लागत नाही आणि ओल सुकत नाही. स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. मे महिन्यात हीच तुळई मी वाजवून पाहिली होती.

शेजारच्या काकू बाहेर थांबल्या होत्या. दोन घरांत भिंत सामाईक, त्यांच्या देवघरापर्यंत ओल आलेली. म्हणाल्या, “भाऊ, दर वर्षी दोन्ही छपरं एकदमच शाकारायचो, पैसे वाटून घ्यायचो. यंदा मी माणूस आणला तर वॉचमनने चढू दिलं नाही. बँकेची प्रॉपर्टी आहे म्हणे.”

मी तिथूनच अधिकाऱ्याला फोन लावला. सरफेसीच्या 2002 च्या नियमांतला नियम 8 सांगितला: ताब्यातल्या मालमत्तेची काळजी शहाण्या मालकासारखी घ्यायची असते. माणूस वाईट नाही, फायलींखाली दबलेला आहे. तो म्हणाला, “सर, मी मे महिन्यातच नोट टाकली होती. वरून विचारलं, तुमच्या व्हॅल्युअरनेच घर भंगार लिहिलंय, मग भंगारावर खर्च कशाला?”

मला बोलता येईना. काकू समोरच उभ्या होत्या.

नव्या रिपोर्टात शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: छप्पर तातडीने शाकारावे, तुळईला टेकू द्यावा, सामाईक भिंतीला धोका. काल रिपोर्ट परत आला. ‘किमतीशी संबंध नसलेला शेरा वगळून पुन्हा पाठवा.’ तक्त्यात भंगाराचा आकडा आहे तिथेच आहे, त्यावर कुणाचीच हरकत नाही.

अजून पाठवलेला नाही.