हजारातले बासष्ट

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या पत्रिका मी हातानं करणार, असं जाहीर केलं तेव्हा घरात कुणीच काही बोललं नाही. आमच्याकडे विरोध असाच असतो. थोड्या वेळानं आईनं विचारलं, "किती करायच्यात?" मी म्हटलं, "साठ." त्यावर तिनं फक्त गॅस बारीक केला.

बाबांना पत्रिकेपेक्षा हिशोबात रस. जन्म बँकेत गेलेला माणूस. "ऐंशी वर्षं म्हणजे बारा गुणिले ऐंशी, ९६० पौर्णिमा. हजार कुठे भरतात?" असं त्यांनी विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच दिलं. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो, म्हणजे ऐंशी वर्षांत तीसेक पौर्णिमा जास्तीच्या. तरी दहा-एक कमीच पडतात. म्हणून हजारावा चंद्र उगवतो तो ऐंशी वर्षं दहा महिन्यांच्या सुमाराला. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हे सगळं मांडून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या. ताळेबंद जुळला.

मला पत्रिका सापडली ती या दोन रेघांखालीच. दर्शनी पानाला एक गोल खिडकी, आतल्या पानावर हळदी रंगाचा कागद. पत्रिका मिटली की पौर्णिमा. बाकी वेलबुट्टी काही नाही. गणपतीही नाही, आणि त्याला कारण आहे. छापील पत्रिकांवरच्या गणपतींनी आमच्या कपाटाचा एक खण अडवलाय. समारंभ होऊन वर्षं लोटली, त्यातल्या काही जोडप्यांची मुलं शाळेत जायला लागली, पण गणपती कचऱ्यात कसा टाकायचा? आईनं एकदा सगळे कापून वेगळे केले. आता पत्रिका नाहीत, पण त्रेचाळीस गणपती आहेत.

हातानं कार्ड करायचं वेड शाळेतलं. दिवाळीच्या सुट्टीत भेटकार्डं करायची. कंगव्यावर रंगात बुडवलेला दातांचा ब्रश घासून तुषार उडवायचे, भेंडी आडवी कापून तिचे फुलासारखे ठसे मारायचे. पिंपळाचं पान बादलीत भिजत ठेवायचं. हिरवा गर कुजून निघेपर्यंत पंधरा-वीस दिवस मोरीत जो वास सुटायचा, तो सहन केल्यावर हातात ती जाळी यायची. मग ती कार्डावर चिकटवताना हमखास फाटायची. त्या कार्डांच्या आत काय लिहायचो ते मात्र अजिबात आठवत नाही. बहुधा 'शुभ दीपावली' आणि खाली नाव, तेही खाली उतरत गेलेलं.

कागद हातकागदच घ्यायचा हे ठरलेलं होतं. पुण्यात त्याचं मला अप्रूप नाही. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून १९४० साली इथे हातकागद संस्था उभी राहिली, आणि आमच्या चित्रकलेच्या बाईंनी आम्हाला तो कागद उजेडाकडे धरून बघायला शिकवलं होतं. लाकडाचा लगदा नाही, सुती कापडाच्या चिंध्या. धागा लांब असतो म्हणून घडी घातली तरी कागद तुटत नाही. कारखान्यातल्या जाड कार्डशीटला आडवं-उभं असतं, चुकीच्या बाजूनं दुमडलं की घडीवर पांढऱ्या चिरा पडतात. हातकागदाला असा हट्ट नाही. फक्त दुमडण्याआधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेननं एक रेघ ओढून घ्यायची. शाई संपलेलं पेन इतकं उपयोगी पडतं हे आमच्याकडे फक्त मला माहीत आहे, म्हणून टेबलावरची तसली सगळी पेनं माझी.

पहिला नमुना तळहाताहून मोठा झाला होता. दिसायला देखणा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला तर पाकिटासकट बावीस ग्रॅम. पोस्टाचं पाच रुपयांचं तिकीट वीस ग्रॅमपर्यंतच चालतं. बाबा म्हणाले, "दोन ग्रॅम कलेचे." आकार निम्मा केला. ५६ बाय ७६ सेंटिमीटरचा एक कागद, त्याचे चार आडवे आणि चार उभे भाग, सोळा पत्रिका. चार कागदांत चौसष्ट. साठ जायच्या, चार चुकायच्या. चुकांची तरतूद आधीच करून ठेवणं हा बाबांचा सल्ला. मी चार म्हटलं, त्यांना दहा हव्या होत्या.

गोल कापायला आईनं बांगड्यांच्या डब्यातली एक सुटी हिरवी बांगडी दिली. दोन-चारची. म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश इंच, आतून मोजली तर सव्वादोन. पत्रिकेच्या रुंदीला चंद्र नेमका बसला. बांगडीच्या कडेनं कटर फिरवायचा, कागद गोल सुटून हातात येतो, खाली ठेवलेल्या जुन्या पुठ्ठ्यावर वर्तुळांवर वर्तुळं उमटत जातात. अकरा चंद्र छान निघाले. बाराव्याला कटर जरा जास्त दाबला गेला आणि टिचकन आवाज आला.

"आई, बांगडी फुटली."

"वाढली म्हण," आतून आवाज आला. "आणि काच नीट वेच."

तो चंद्र गेला, त्याच्यावर कटरचा तिरपा ओरखडा उठला. पुढचे सगळे केशराच्या जुन्या डबीच्या स्टीलच्या झाकणानं कापले. झाकण केसभर लहान आहे. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि कुठल्याही घरात दोन पत्रिका जाणार नव्हत्या.

खरं युद्ध झालं ते मजकुरावर. माझा मजकूर चार ओळींचा होता. मिरजेच्या आत्याला तो फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "पत्रिका आहे की नाटकाचं तिकीट? 'आमचे येथे श्रीकृपेकरून' कुठाय?" मी म्हटलं, असं आता कुणी बोलत नाही. "बोलत कुणीच नव्हतं गं. पत्रिकेतच असायचं ते." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही. पत्रिकेची मराठी ही वेगळीच भाषा आहे. एरवी ज्याला नावानं हाक मारतो तो तिथे 'चि.' होतो, ती 'चि. सौ. कां.' होते, आणि ज्या पोरट्याला अजून धड बोलता येत नाही तोही 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं' असं छापून सांगतो. एरवी असलं काही दिसलं की मी नाक मुरडते. पण स्वतःच्या घरची पत्रिका लिहायला बसल्यावर कळलं की या ठरीव शब्दांना एक मऊपणा आलेला असतो. वापरून वापरून धुतलेल्या धोतरासारखा. श्रीकृपेकरून राहिलं. वर लाल शाईनं 'श्री' आला. 'अगत्य येणेचे करावे' मात्र मी 'नक्की या' केलं, तेवढी एक खिंड लढवली.

शाईनं पहिलाच कागद खाल्ला. हातकागद पितो, फाउंटनपेनची शाई त्यावर अशी फुटली की 'श्री'ला पाय फुटल्यासारखे दिसायला लागले. मग दाट काळी शाई आणि बोरू. इंग्रजी अक्षरांचा तिरप्या कापाचा निब देवनागरीला धरला तर नको तिथली रेघ जाड होते, आपल्या बोरूचा काप त्याच्या उलट असतो. रोज रात्री दहा. अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी, एका दमात. शिरोरेघ ओढताना माझा श्वास थांबतो हे मला चौथ्या रात्री लक्षात आलं.

चाळिसाव्या पत्रिकेच्या आसपास गडबड झाली. 'सहस्र' इतक्या वेळा लिहिल्यावर शब्द अनोळखी दिसायला लागतो. हात आपोआप वळला आणि स ला त जोडला गेला, 'सहस्त्र'. शिरोरेघ ओढल्यावर दिसलं. तीही बाजूला ठेवली.

मधल्या काळात धाकट्या भावानं तयार पत्रिकेचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तारीख, वेळ, हॉल, सगळं अर्ध्या मिनिटात साठही घरांत पोचलं. नमस्काराचे हात आले, केक आले. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. आई म्हणाली, "अगं, ते कळवणं झालं. बोलावणं अजून राहिलंय." आणि वाटीत हळद-कुंकू कालवून बसली. माझ्या मोकळ्या पांढऱ्या कोपऱ्यांना ती बोटं लावणार हे बघून मी कळवळले. पण तिच्या पिढीला कोरड्या कोपऱ्याचं पत्र म्हटलं की भलतंच पत्र आठवतं, त्यामुळे गप्प बसले. हातकागदानं हळदही प्यायली. प्रत्येक कोपऱ्यावर तिच्या अनामिकेचं टोक उमटलं, साठ गुणिले चार.

पाच दिवसांनी आत्याचा फोन. मला वाटलं, श्रीकृपेकरूनबद्दल शाबासकी. "पत्रिका फार गोड झालीय गं. देवापाशी ठेवलीय. पण एक सांगू का? सहस्त्रातला त खाल्लास तू."

मी बाबांकडे फोन दिला. त्यांनी शब्दकोश काढला, पान वाचून दाखवलं, हजाराच्या संस्कृत शब्दात त नसतो हे बहिणीला समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असेल. पण आपल्या मुंजीच्या, लग्नाच्या वेळचे छापखानेवाले सगळे चुकीचे होते का?" बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ती चुकलेली उरलीय ना? ती तिला पाठव."

पाठवली. ती तिला बरोबर वाटली.

कापलेले चंद्र मी चपलांच्या खोक्यात ठेवले होते, टाकवत नव्हते. बाबांनी ते एका दुपारी मोजले. बासष्ट. "९३८ राहिले," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं. समारंभ झाला, औक्षण झालं, जेवणं झाली. खोकं फ्रिजवर गेलं.

सकाळी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक चंद्र लावलेला होता. जाड, खरखरीत, दोन-चारच्या मापाचा, म्हणजे पहिल्या अकरांतला. त्यावर आईच्या अक्षरात: बारीक रवा अर्धा किलो, कोथिंबीर, बाबांच्या गोळ्या.