सातवीचा जुलै : चार तासांतल्या आकृत्या

जुलै, तिसरा आठवडा. बाहेर झड लागलेली, वर्गात भर दुपारी दिवे. सातवीला सध्या गणितात भौमितिक रचना, विज्ञानात वनस्पतींची रचना, भूगोलात चंद्र आणि भरती-ओहोटी, इतिहासात शिवपूर्वकालीन महाराष्ट्र. चारही तासांना वहीत आकृती काढायची असते आणि प्रत्येक तासाला तिच्याकडून मागणी निराळी. गणितात ती मिलिमीटरला मिलिमीटर बरोबर हवी, विज्ञानात समोरच्या रोपासारखी हवी, भूगोलात तर ती मुद्दामच प्रमाण सोडून छापलेली असते. एवढं सांगायचं मात्र राहून जातं, आणि एका तासाची सवय पुढच्या तासाला नडते.

गणिताचं आधी. त्रिकोणाचे तिन्ही कोनदुभाजक एका बिंदूत मिळायला हवेत. वहीत ते मिळत नाहीत, मध्ये इवलासा त्रिकोण उरतो, आणि मुलं त्यावर पेन्सिलीचा जाड ठिपका देऊन विषय मिटवतात. दोष बहुतेक वेळा कंसांचा असतो, ते फार लहान काढलेले असतात. दोन कंस शिरोबिंदूपासून २ सेंमीवर छेदले आणि तो छेद अर्धा मिलिमीटर सरकला, तर रेषा जवळजवळ दीड अंश कलते. तोच छेद ८ सेंमीवर घेतला तर चूक अर्ध्या अंशाच्याही आत राहते. म्हणून त्रिज्या मोठी घ्यायची, कंस त्रिकोणाबाहेर गेले तरी जाऊ द्यायचे. कंपासचा स्क्रू सैल असेल तर कंस काढता काढताच त्रिज्या बदलते. पेन्सिल हलत असेल तर तिच्याभोवती कागदाची घडी घालावी, आणि पाय मिटल्यावर पेन्सिलीचं टोक व सुई एका पातळीत येतात का ते बघावं. लंबदुभाजकाला त्रिज्या रेषाखंडाच्या निम्म्याहून जास्त लागते, नाहीतर कंस भेटतच नाहीत.

पडताळ्याला ६, ८ आणि १० सेंमी बाजूंचा त्रिकोण उत्तम. कोनदुभाजक मिळतात त्या बिंदूपासून, म्हणजे अंतर्मध्यापासून, कुठल्याही बाजूवर लंब टाका, तो २ सेंमी भरला पाहिजे. परिमध्य, म्हणजे बाजूंचे लंबदुभाजक मिळतात तो बिंदू, १० सेंमीच्या बाजूच्या बरोबर मध्यावर, ५ सेंमीला. इथे हुशार मुलंही खोडरबर उचलतात, कारण फळ्यावरचा त्रिकोण नेहमी लघुकोन असतो आणि परिमध्य आतच असतो अशी समजूत झालेली असते. विशालकोन त्रिकोणात तो थेट बाहेर जातो. त्यासाठी पानावर जागा सोडून आकृती सुरू करायला हवी.

विज्ञानाला बाहेरचा पाऊस फायद्याचा. माती ओली आहे तोवर टाकळ्याचं रोप मुळासकट निघतं, शेजारचं गवतही. बुंध्याशी धरून हळूच उपटायचं आणि बादलीत हलवून धुवायचं. नळाखाली धरलं की बारीक मुळं तुटतात. टाकळ्याला सोटमूळ आणि पानात शिरांची जाळी, गवताला तंतुमुळं आणि समांतर शिरा, दोन्ही एका हातात दिसतं. मग आकृती काढायला सांगितली की मुलं रोप बाजूला ठेवून पुस्तक उघडतात! पुस्तकातल्या रोपाला पान, फूल, फळ सगळं एकाच वेळी असतं. कोवळ्या टाकळ्याला या दिवसांत फूलही नाही, शेंगही नाही, तेव्हा ती वहीतही नकोत. दुसरी हमखास चूक म्हणजे पर्णिकांना पानं म्हणून मोजणं. टाकळ्याचं पान संयुक्त असतं, साधारण तीन जोड्या पर्णिकांचं. खूण अशी की खोडाशी जिथे कलिका दिसते, तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. पर्णिकेच्या बुडाशी कलिका नसते.

खरी अडचण भूगोलाची. चंद्रकलांच्या आकृतीत पृथ्वी आणि चंद्र हातभर जवळ दिसतात, म्हणून निम्मा वर्ग ठामपणे सांगतो की कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. यावर उपाय मोजपट्टीचा. पृथ्वी १ सेंमीची धरली तर चंद्र पावणेतीन मिलिमीटरचा आणि ३० सेंमी दूर. सूर्य एक मीटरहून थोडा मोठा, तोही ११७ मीटरवर. एवढ्या अंतरावर कक्षेचा पाच अंशांचा कलही पुरतो, चंद्र बहुतेक पौर्णिमांना सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो.

कला दाखवायला अंधाऱ्या खोलीत एकच दिवा, डोक्याच्या उंचीवर. दिवा म्हणजे सूर्य, आपलं डोकं पृथ्वी, गोळा चंद्र. पेन्सिलीला खोचलेला थर्माकोलचा गोळा हात लांब करून डोक्यापेक्षा थोडा वर धरायचा आणि डावीकडे वळत जायचं. दिव्याकडे तोंड म्हणजे अमावास्या. पाव फेरीला उजवी बाजू उजळते, ती शुक्ल अष्टमी. पाठ दिव्याकडे आली की पौर्णिमा. गोळा डोक्याच्या रेषेत धरला तर इथे दर वेळी ग्रहणच लागतं. आकाशात ताडून बघायला मात्र ढग आडवे येतात. चंद्राचा पाठ आषाढात ठेवणाऱ्याला काय म्हणावं! निदान भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी रोज लिहायला लावावी.

तिथी कळली की भरती काढता येते. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. हिशेब ठोकळ आहे. भरती एका तिथीला सुमारे ४८ मिनिटं पुढे सरकते, पाऊणपटीत ४५ धरलेली असतात. म्हणून पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं, भरती बाराच्या आसपास असते. शिवाय खाडीत आत पाणी उशिरा चढतं.

इतिहासात नकाशाची एकच गोष्ट बघायची. आजच्या महाराष्ट्राची बाह्यरेषा छापलेला कागद घेऊन मुलं त्यात निजामशाही आणि आदिलशाही कडेपर्यंत रंगवतात. ही रेषा १ मे १९६० ची, निजामशाही तर १६३६ मध्येच बुडाली, आणि आदिलशाहीची राजधानी विजापूर या रेषेच्या बाहेर पडते. कोऱ्या कागदावर आधी नद्या आणि घाट काढून रंग भरलेला बरा.

गणितात पुढच्या आठवड्यापासून पूर्णांकांचा गुणाकार. तिथे आकृती नाही. (−५) ला २, १, ०, (−१) ने ओळीने गुणून −१०, −५, ०, ५ असं मांडलं की चिन्ह का बदलतं ते दिसतं. त्यानंतर दोन-चार दिवस −५ − ३ चं उत्तर −८ ऐवजी ८ येत राहील, म्हणून गुणाकाराची आणि वजाबाकीची उदाहरणं एकाच पानावर मिसळून द्यायची.