पेबलची चोच का वाढली?

इंग्लंडमधील रेडिंग येथे आमच्या शेजारी राहणाऱ्या आजी वृद्धाश्रमात राहायला गेल्या, तेव्हा त्यांचे कासव आमच्याकडे आले. ते भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशातले, हर्मन जातीचे, जमिनीवर राहणारे कासव आहे. १९८४ मध्ये आयात बंद होईपर्यंत अशी कासवे येथे अक्षरशः ढिगाने विकली जात, आणि आजींनी त्याच काळात ते घेतले होते. त्यांनीच त्याचे नाव ‘पेबल’ ठेवले होते. रत्नागिरीला असलेली माझी आई फोनवर त्याची ‘कासवदादा जेवले का?’ अशी विचारपूस करते, आणि आमच्या घरात याच प्रश्नाचे उत्तर पहिल्या महिन्यात फार अवघड होऊन बसले होते.

पेबलला भूक होती. पान समोर ठेवले की तो मान लांबवून येई, तोंड उघडे आणि चावा घेई. पण पान तुटत नसे, ते नुसते दाबले जाऊन निसटत असे. तीन-चार प्रयत्नांनंतर तो थांबे आणि पुढच्या पायाने तोंड पुसल्यासारखे करी. बाजूने नीट पाहिल्यावर मला दिसले की त्याच्या वरच्या चोचीचे टोक खालच्या जबड्याच्या कितीतरी पुढे, पोपटाच्या चोचीसारखे वळून खाली उतरले होते आणि त्याच्या आतल्या बाजूला जुन्या अन्नाचा पिवळसर थर चिकटला होता.

कासवाला दात नसतात. जबड्याच्या हाडावर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांत असते त्याच द्रव्याचे, कठीण आवरण असते आणि त्याच्या धारेने ते पाने कापते. हे आवरण नखाप्रमाणेच आयुष्यभर वाढत राहते. रानात चरबट, तंतुमय झाडपाला ओढून तोडताना आणि खाता खाता दगडमातीला तोंड घासताना ते जेवढे वाढते तेवढेच झिजते. घरात हा हिशेब बिघडतो, आणि तो का बिघडला हे शोधल्याशिवाय नुसती चोच कापून घेण्याला फारसा अर्थ नसतो, हे मला पुढच्या दीड वर्षात हळूहळू समजले.

पहिली चूक मात्र माझ्याकडूनच होणार होती. नखे कापण्याचे कटर हातात घेऊन मी पेबलसमोर बसले होते. सुदैवाने त्याने डोके आत ओढून घेतले आणि मला विचार करायला वेळ मिळाला. केराटिनच्या खाली रक्तवाहिन्या आणि जिवंत ऊती असतात, आणि चोच बराच काळ वाढलेली असेल तर त्याही टोकाकडे सरकलेल्या असू शकतात. कटरच्या दाबाने चोच उभी चिरते, आणि ती चीर वरपर्यंत गेली तर जबड्यालाही इजा होऊ शकते. म्हणून हे काम घरी कोणीही करू नये, असे मी अगदी कळकळीने सांगते.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य बाईंनी पेबलला भूल न देता, सहायकाकडून डोके मागून अलगद धरवून, छोट्या फिरत्या कानशीने चोच घासली. घर्षणाने चोच तापू नये म्हणून त्या दर काही सेकंदांनी हात थांबवत होत्या. पांढरी भुकटी उडत होती आणि केस जळल्यासारखा वास येत होता. त्या दिवशी त्यांनी सगळे टोक काढले नाही. थोडे कमी करायचे, काही आठवड्यांनी आणखी थोडे करायचे, म्हणजे आतली जिवंत ऊती दुखावत नाही, असे त्यांनी समजावले. त्यानंतर त्यांनी क्ष-किरण चित्र काढले, हाडे जरा विरळ झालेली दाखवली आणि मला एकच प्रश्न विचारला: ‘हा आजवर कुठे राहत होता?’

तो आजींच्या स्वयंपाकघरात, दक्षिणेच्या मोठ्या खिडकीपाशी राहत होता. आजींना वाटे की त्याला भरपूर ऊन मिळते, आणि मलाही तसेच वाटले होते. परंतु ज्या अतिनील-ब किरणांमुळे कासवाच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होते, ते किरण खिडकीची काच जवळजवळ पूर्णपणे अडवते. ऊब पोहोचते, उजेड पोहोचतो, पण किरण पोहोचत नाहीत. ड-३ नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात, जबड्याचा आकार थोडा थोडा बदलतो, वरची आणि खालची चोच एकमेकांवर नीट बसत नाही, आणि जी चोच दुसरीवर घासली जात नाही ती वाढतच जाते. त्यात आजी त्याला प्रेमाने काकडी, टोमॅटो आणि लेट्यूस देत, म्हणजे झिजण्यासारखे काहीच त्याच्या तोंडात जात नव्हते. आजींचा यात दोष नाही. त्यांनी त्याला कित्येक दशके जीव लावला आणि त्यांच्या काळी ही माहिती सहज मिळतही नव्हती.

आता पेबलच्या जागेवर अतिनील-ब किरण देणारी नळी आहे, आणि शेजारी एका टोकाला साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवणारा उष्ण दिवा आहे. ही नळी डोळ्यांना कितीही उजळ दिसली तरी तिच्यातले उपयोगी किरण हळूहळू कमी होत जातात, म्हणून ती उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, बहुधा सहा ते बारा महिन्यांत, बदलावी लागते. मी बसवल्याची तारीख नळीच्या टोकावर लिहून ठेवते. उन्हाळ्यात मात्र तो दिवसभर अंगणात असतो आणि त्या उन्हाची सर कोणत्याही दिव्याला नाही.

खाण्याच्या बाबतीत मला आपल्याकडच्या रानभाज्यांची सवय उपयोगी पडली. डँडेलियनची पाने आणि फुले, आपल्या पाथरीच्या नात्यातले सो-थिसल, इसबगोलाच्या कुळातले प्लँटेन नावाचे रुंद पानांचे तण आणि अंगणातल्या जास्वंदीची पाने हे आता त्याचे मुख्य अन्न आहे. मी पाने चिरत नाही; देठासकट, मुळाच्या गड्ड्यासह ठेवते, म्हणजे त्याला ओढून तोडावे लागते. पालक मी देत नाही, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. फळेही देत नाही. कोणी कासवाला मांजराचे खाणे देत असेल तर ते तत्काळ थांबवावे, कारण जास्त प्रथिनांनी चोच भराभर वाढते. जेवण ताटलीत न वाढता खडबडीत पाटीच्या दगडावर वाढते. पान उचलताना त्याची चोच दगडावर टकटक वाजते, आणि तो आवाज आता मला घरातल्या इतर आवाजांइतकाच ओळखीचा झाला आहे.

शेजारी समुद्रफेसाचा एक तुकडा कायम असतो. लहानपणी आम्ही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून हे पांढरे, हलके तुकडे पोपटाच्या पिंजऱ्यासाठी वेचून आणत असू; माकुळाच्या जातभाईच्या अंगातले ते कवच प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्याची पाठीकडची कडक पापडी सोलून मी मऊ बाजू वर ठेवते, आणि पेबल मनात आले की त्याला घास मारतो.

पोषणाने चोच कशी पालटते याचे एक उदाहरण मला फार धीर देऊन गेले. सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन या राक्षसी कासवाचा जन्म सुमारे १८३२ चा मानला जातो. म्हातारपणी त्याला दिसेनासे झाले, वास येईनासा झाला, चोच बोथट आणि ठिसूळ झाली आणि गवतही नीट तोडता येईना. तेथील पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी दर आठवड्याला त्याला हाताने फळे-भाज्या भरवायला सुरुवात केली आणि त्याची चोच पुन्हा धारदार झाली. अन्न वेगळे, जात वेगळी, पण चोच ही शरीराच्या आतल्या स्थितीची खबर देते हे त्यातून स्पष्ट होते.

तोंडाच्या आतली तपासणी मी दर रविवारी करते. जबडा बोटांनी उघडण्याची गरज नसते. डँडेलियनचे पिवळे फूल जरा उंच धरले की तो आ वासतो, आणि तेवढ्यात मोबाइलवर चित्रण करून ते नंतर सावकाश पाहता येते. जीभ आणि टाळू फिकट गुलाबी व ओलसर असावेत. लालसरपणा, रक्ताचे ठिपके, पनीरच्या चुऱ्यासारखा पांढरा-पिवळा थर, चिकट लाळ, दुर्गंधी किंवा नाकातून फुगे दिसले तर तोंड सडण्याचा आजार सुरू झाला असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. हिवाळ्याची झोप संपल्यावर हा धोका विशेष असतो, कारण तेव्हा शरीर कोरडे पडलेले आणि प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. म्हणून पेबल जागा झाला की आधी कोमट पाण्यात बसवते, मग तोंड पाहते, आणि नंतर अन्न देते.

असाच थर हर्पीस, म्हणजे माणसाला नागीण हा आजार करणाऱ्या विषाणूच्या कुळातल्या, एका विषाणूनेही येतो, आणि हर्मन कासवे त्याला फार लवकर बळी पडतात. ग्रीक कासव या दुसऱ्या जातीच्या कासवांच्या अंगात तो काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो. गेल्या उन्हाळ्यात लेस्टरच्या एका मैत्रिणीने तिचे ग्रीक कासव दोन आठवडे आमच्याकडे ठेवण्याबद्दल विचारले, तेव्हा मी नाही म्हणाले. तिला वाईट वाटले, मलाही वाटले. पण मी तिच्या घरी जाऊन त्याची देखभाल केली आणि परत येताना हात धुऊन, कपडे बदलूनच पेबलजवळ गेले.

भारतातल्या वाचकांना एक सांगणे आवश्यक आहे: आपल्याकडचे स्टार कासव घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आली. कोणाकडे ते असेल तर वन विभागाला कळवावे.

पेबलची चोच एकूण तीन वेळा घासावी लागली. चौथ्या भेटीत बाईंनी तिच्याकडे बाजूने पाहिले, पुढून पाहिले आणि कानशी खोक्यात परत ठेवली. घरी आल्यावर मी दगडावर सो-थिसलचे एक आख्खे रोप ठेवले. त्याने देठाच्या बुडाशी तोंड नेले, एकदा चावले, आणि तो जाड देठ कट्‌ आवाज करून तुटला.