खडूचा हत्ती

स्मरणिकेसाठी लिही म्हणून फोन आला आणि डोळ्यासमोर आला तो खडूचा तुकडाच. विश्वनाथन आनंद १९८८ ला भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला, त्यानंतर आमच्या सरांनी मधल्या सुट्टीत बुद्धिबळ सुरू केलं. शाळेत सेट एकच, त्यातला एक काळा हत्ती हरवलेला, त्याच्या जागी सर खडू उभा करायचे.

कोल्हापूर कुस्तीचं गाव, सरांची भाषा पण तालमीतलीच. हत्ती-प्याद्याचा शेवट शिकवताना म्हणायचे, "पकड द्यायची नाही. पांढऱ्याकडून मोजून सहाव्या ओळीत हत्ती धरून बस, त्याचा राजा वर येता कामा नये. त्यानं प्यादं सहाव्या ओळीत ढकललं की मगच हत्ती थेट तळाला ने आणि मागनं शह देत रहा, आता राजा लपणार कुठं?" ही फिलिडोरची पोझिशन, अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूची, एक प्यादं कमी असलं तरी डाव ड्रॉ करायची. रोज तीच मांडायची, लई कंटाळा यायचा.

नववीत असताना सांघिक स्पर्धेत शेवटची मॅच सांगलीच्या टीमबरोबर पडली. सांगली म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळ रुजवलेलं गाव, तिथली पोरं तयारीचीच. चार बोर्ड, तीन संपलेले, आम्ही २-१ ने पुढं आणि चौथ्या बोर्डवर मी, काळी मोहरी, एक प्यादं कमी. ड्रॉ केला तरी अडीच गुण होऊन आम्ही जिंकणार होतो.

आणि बोर्डावर बघतो तर हुबेहूब तीच पोझिशन! माझ्या घड्याळात चार मिनिटं. समोरचा पोरगा हुशार, घाई करेना, हत्ती इकडं तिकडं फिरवत मी चुकायची वाट बघत बसला, आणि मी पण सहाव्या ओळीतच डावीकडं उजवीकडं, डावीकडं उजवीकडं. तळहाताला एवढा घाम की लाकडी हत्ती बोटातनं निसटायला लागला, चड्डीला हात पुसायचा आणि घड्याळ दाबायचं. शेवटी त्यानं प्यादं ढकललं. माझा हत्ती सरळ पहिल्या ओळीत, आणि शह. राजा डावीकडं, शह. उजवीकडं, शह. थोड्या वेळानं त्यानंच हात पुढं केला.

सर हॉलच्या दाराबाहेर पाठ करून उभे होते, त्यांना बघवत नव्हतं. मी पळत जाऊन म्हटलं, सर ड्रॉ झाला, आपण जिंकलो. त्यांनी विचारलं, "हत्ती तळाला कधी नेलास? त्यानं प्यादं ढकलल्यावर का आधीच?"

"ढकलल्यावर, सर."

"मग झालं," म्हणाले, आणि आम्हा चौघांना मिसळ खायला घेऊन गेले.