केरीचा काळू आणि मीटरची गल्लत

पेडण्याला मावशीकडे जाताना मी कॅमेरा घेतो तो तेरेखोल नदी, होड्या आणि पलीकडचा किल्ला यांच्यासाठी. यंदा डिसेंबरात मात्र कार्ड भरलं ते कुत्र्यांनी, आणि पहिल्या दिवसाचं सगळं पुसावं लागलं.

सुरुवात काळूने केली. केरीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाला लागून चहाचं खोपटं आहे, तिथला हा. अंगभर काळा, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. संध्याकाळी तो पाण्याच्या कडेने धावत सुटला. मी ऍपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेऱ्याने) धडाधड फोटो काढले. मागचा समुद्र सुंदर आला; काळूच्या जागी कुत्र्याच्या आकाराचं भोक. मग तो जवळ येऊन लेन्स हुंगायला लागला, सगळी चौकट त्याच्या अंगाने भरली, तर फोटोत विटलेल्या छत्रीसारखा करडा. तोच कुत्रा, तेच ऊन, मध्ये दहा सेकंद.

माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, कुत्रा कळत नाही. समोर येईल ते मधल्या करड्या छटेवर आणून ठेवायचं, एवढंच त्याला ठाऊक. चमचमता समुद्र दिसला की तो सगळंच काळवंडून टाकतो. नुसते काळे केस दिसले की उजळवतो. काळूवर पडणारा प्रकाश बदललाच नव्हता, बदललं होतं ते त्याच्यामागचं दृश्य.

दुसऱ्या दिवशी सकाळीच किनारा गाठला आणि डायल एमवर (मॅन्युअल, सगळं आपणच ठरवायचं) फिरवला. केरीचा समुद्र पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, आणि तोही बराच वेळ झाडांआड. मऊ, सारखा उजेड. त्या उजेडात तळहात धरला आणि मीटर लावलं. तळहात करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) उजळ असतो, म्हणून तेवढं एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, वाढवलं. आकडे आले: शटर १/१००० सेकंद, ऍपर्चर एफ ४, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) ४००.

एफ १.८ चा मोह मला नेहमी होतो (आकडा लहान तितकं छिद्र मोठं, आणि फोटोत नीट दिसणारी खोली कमी), पण कुत्र्याचं तोंड लांबोडकं. डोळे नीट आले तर नाक पुसट, नाक नीट आलं तर डोळे गेले. एफ ४ ते ५.६ बरं. आधी शटर ठरवायचा: बसलेल्या कुत्र्याला १/२५० पुरतो (शेपूट हलत असेल तर ती जाणार), धावत्याला १/१०००, लाटेत उडी मारणाऱ्याला १/२०००. मग ऍपर्चर. उरलंसुरलं आयएसओने भरून काढायचं. आयएसओ वाढवून थोडे दाणे दिसले तर चालतं, हललेला फोटो कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाही.

एवढं करूनही काळू पुन्हा करडाच! अर्धा तास डोकं खाजवल्यावर दिसलं की आयएसओ ऑटोवर राहिला होता. शटर माझा, ऍपर्चर माझं, आणि मागच्या दाराने मीटर परत घरात. ऑटो बंद केला आणि काळू मागे वाळू असो, पाणी असो, एकसारखा काळा यायला लागला. केसांतली चमक दिसावी म्हणून त्याला अर्धा स्टॉप जास्त दिला. त्याची मैत्रीण पांढरी, तिला उलट थोडं कमी, नाहीतर पाठीवरचे केस जाऊन नुसता चुना उरतो. सूर्य झाडांवर आला की सगळं नव्याने मोजायचं. दहाच्या लख्ख उन्हात १/१०००, एफ ५.६ आणि आयएसओ १०० वर मी आलो.

पणजीत फोंतेन्हासच्या गल्लीत वेगळीच गंमत. सावलीत पहुडलेला पांढरा कुत्रा, समोरच्या पिवळ्या भिंतीवर ऊन, आणि कुत्र्याची हनुवटी हळद लावल्यासारखी. नंतर एडिटिंगमध्ये ती काढता आली असती. मी ठेवली.

रात्री मावशीला फोटो दाखवले. चष्मा सारखा करत तिने सगळे पाहिले.

"एवढा किनारा तुडवलास तो सुण्यांपायी? माझा एक तरी काढलास?"

सकाळी तिला सोप्यावर बसवलं. दारातून तिरपा उजेड येत होता. मी तळहात धरून मोजत बसलो, तशी ती वैतागली.

"काढ बाबा लवकर, चुलीवर पेज आहे."

"हलू नकोस गं."

"मी काय तुझा काळू आहे धावायला?"

शटर १/२५० वर आणला.