रुळाखालचा बर्फ राखायचा कसा?

अठरा वर्षं भराव आणि पाया याच कामात काढूनही माझी समजूत अशी होती, की गोठलेल्या जमिनीवर रेल्वे बांधायची तर भांडण थंडीशी. सांगायला लाज वाटते. छिंगहाय-तिबेट रेल्वेच्या भरावाचे क्रॉस-सेक्शन बघत बसलो तेव्हा कळलं, तिथले इंजिनिअर धास्तावतात ते उन्हाळ्याला.

गोलमूड ते ल्हासा ११४२ किलोमीटर, २००६ पासून चालू. त्यातले साधारण ५५० किलोमीटर कायम गोठलेल्या जमिनीवर. बरं, ही जमीन काही फार कडक गोठलेली नाही. बऱ्याच ठिकाणी तापमान शून्याखाली जेमतेम अर्धा-एक अंश. भराव उन्हात तापला की खालचा बर्फ सुटतो, मातीचा चिखल होतो. सगळीकडे सारखं खचलं तर खडी भरून निभावता येतं. पण उन्हाकडची बाजू जास्त खचते, सावलीकडची कमी, आणि दोन रुळांची पातळी बिघडते. हे दुखणं वाईट.

उपाय म्हणून रुळालगत लोखंडी नळ्या उभ्या केल्या आहेत. दोनेक मीटर वर, बाकी जमिनीत. मी वहीत एक काढून पाहिली. तळाशी थोडा द्रवरूप अमोनिया. हिवाळ्यात हवा जमिनीपेक्षा थंड, म्हणून अमोनिया जमिनीतली उष्णता घेऊन उकळतो, वाफ वर जाते, गार टोकाला पुन्हा द्रव होऊन भिंतीवरून खाली ओघळते. उन्हाळ्यात वरचं टोकच गरम. वाफेचा द्रव होत नाही, फेरा आपोआप थांबतो. ना पंप, ना वीज, ना झडप! उष्णता बाहेर जाते, आत मात्र येत नाही. इतकं साधं डिझाइन बघून खरं तर थोडा हेवाच वाटला.

मोठ्या दगडांचा भरावही त्याच तत्त्वावर. हिवाळ्यातली जड गार हवा फटींतून खाली उतरते, उन्हाळ्यातली हलकी गरम हवा वरच राहते. आम्ही फटी बुजवायला धडपडतो, हे मुद्दाम ठेवतात.

आणि जिथे यातल्या कशाचाच भरवसा नाही, तिथे सरळ पूल. छिंगश्वेइहचा पूल ११ किलोमीटरहून लांब आहे आणि बराचसा कोरड्या जमिनीवरूनच जातो. खांब खोल गोठलेल्या थरात, वर गाडी. मधल्या जमिनीला कुणी हात लावायचा नाही.

नळ्यांचं एकच खटकतं. त्यांचं सगळं काम हिवाळ्याच्या जिवावर आहे, आणि तिबेटच्या पठारावरचे हिवाळे आता पूर्वीइतके थंड राहिलेले नाहीत.